मेलबॉक्सचा पंचनामा

आयकर अधिनियम, २०२५ चं कलम २४७ वाचायला घेतलं की आधी ओळखीच्या वस्तू भेटतात. दार, पेटी, लॉकर, तिजोरी, कपाट. चावी मिळाली नाही तर छाप्याला आलेल्या अधिकाऱ्यानं कुलूप फोडावं, ही मुभा १९६१ च्या कायद्यातही होती. नव्या कायद्यानं तिला एक पुस्ती जोडली: पासवर्ड मिळत नसेल तर तो ओलांडून संगणकप्रणालीत शिरावं. आता संगणकप्रणाली म्हणजे नुसता टेबलावरचा डबा नव्हे. तिच्या व्याख्येत ‘व्हर्च्युअल डिजिटल स्पेस’ नावाची एक नवी संज्ञा आहे आणि तिच्या पोटात ईमेल सर्व्हर, समाजमाध्यमांवरची खाती, बँकेची नि शेअरची ऑनलाइन खाती, क्लाउड असं सगळं आहे. एवढ्यानंही भागेना म्हणून शेवटी ‘या स्वरूपाची इतर कोणतीही जागा’ असं शेपूट लावलं आहे. १ एप्रिल २०२६ ही या कायद्याच्या अंमलाची तारीख.

सरकारची बाजू आधी नीट मांडू, कारण ती अगदीच पोकळ नाही. मार्च २०२५ मध्ये अर्थमंत्र्यांनी लोकसभेत सांगितलं की मोबाइलवरच्या कूटबद्ध संदेशांतून २५० कोटी रुपयांचा बेहिशेबी पैसा हाती लागला. काळा पैसा खातेवह्यांतून निघून फोनमध्ये गेला, तर तपासानं तिथं जायचं नाही का? जायचं. दुसरा मुद्दा असा की हा अधिकार सरसकट नाही, शोध आणि सर्वेक्षणाच्या कारवाईपुरता आहे; रोज उठून कोणी तुमचे मेल वाचणार नाही. हेही खरं. तिसरा मुद्दा, इलेक्ट्रॉनिक नोंदी दाखवायला लावण्याची तरतूद १९६१ च्या कायद्याच्या कलम १३२ मध्ये २००२ पासूनच होती, मग आताच आरडाओरडा कशाला?

या तिसऱ्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो. २००२ आणि २०२५ यांच्या मध्ये २४ ऑगस्ट २०१७ ही तारीख आहे. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार असल्याचा एकमुखी निर्वाळा दिला. आणि कोणता जुना निकाल मोडीत काढला? १९५४ चा एम. पी. शर्मा खटला, जो मुळात झडती आणि जप्तीबद्दलचाच होता. एखाद्याच्या खासगी आयुष्यात शिरायचं तर कायद्याचा आधार हवा, हेतू वाजवी हवा आणि हस्तक्षेप हेतूच्या प्रमाणात हवा, हे तेव्हापासून ठरलेलं आहे. अख्खा कायदा नव्यानं लिहायला घेतलेल्या सरकारला ही कसोटी लावायची आयती संधी होती. ‘आधीपासूनच आहे’ हे उत्तर देऊन ती घालवली.

प्रमाणाचं म्हणाल तर कपाट आणि मेलबॉक्स एका ओळीत बसवणं हीच मूळ चूक आहे. समजा, सांगलीतल्या एका सीएच्या कार्यालयात मंडळी पोचली. कपाट उघडलं. फायली बाहेर आल्या, दोन पंचांसमोर एकेक मोजली गेली, पंचनाम्यात यादी आली, खाली सह्या झाल्या. कपाटाला मागची बाजू असते. ती आली की कपाट संपतं. आता त्याच सीएचा मेल उघडा. ज्या व्यापाऱ्यासाठी छापा पडला त्याची पत्रं तिथं आहेतच. शिवाय इतर दीडदोनशे अशिलांचे फॉर्म १६, पॅन, बँक-उतारे. सीएच्या आईचा बायॉप्सी रिपोर्ट. बहिणीच्या घटस्फोटाच्या अर्जाचा वकिलानं पाठवलेला कच्चा मसुदा. सोसायटीच्या पार्किंगवरून झालेली खडाजंगी. मुलाच्या शाळेतल्या समुपदेशकाचं पत्र. यातलं कोणी करबुडवं नाही, कोणावर संशय नाही, पण सगळे छाप्यात सापडले. पंचनाम्यात काय येणार? खात्याचं नाव, हार्डडिस्कचा क्रमांक आणि हॅश व्हॅल्यू म्हणून एक लांबलचक अक्षरांकांची ओळ. बिचारे पंच त्या ओळीखाली सही करणार.

‘ज्याला लपवायचं नाही त्यानं घाबरू नये’ हा युक्तिवाद इथंच गळून पडतो. पत्र पाठवणारा वेगळा, मिळणारा वेगळा. तुमच्या मेलबॉक्समध्ये निम्म्याहून अधिक गुपितं दुसऱ्यांची असतात आणि ती उघडायला द्यायचा हक्क तुम्हालाही नसतो, मग तुम्ही स्वतः कितीही धुतल्या तांदळाचे असा.

आणि ही झडती ठरवतो कोण? त्याच खात्यातला वरचा अधिकारी. त्याला ‘सकारण विश्वास’ वाटला पाहिजे, असं कायदा म्हणतो. कारण कोणतं, हे मात्र विचारायचं नाही. २०१७ च्या वित्त कायद्यानं, तेही १९६२ पासूनचा अंमल धरून, असं ठरवलं की ही कारणं कोणत्याही व्यक्तीला, प्राधिकरणाला किंवा अपील न्यायाधिकरणालाही सांगायची नाहीत. नव्या कायद्यानं ती तजवीज जपून ठेवली आहे. उच्च न्यायालयात रिट घेऊन जाता येतं, हे मान्य. पण तेवढा दम आणि तेवढा पैसा किती जणांकडे असतो?

याच्याशेजारी टपालाचा जुना नियम ठेवून पाहा. फौजदारी तपासात डाकघराच्या ताब्यातलं एखादं पत्र पुरावा म्हणून हवं असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९५ प्रमाणे जिल्हा दंडाधिकारी, मुख्य न्यायदंडाधिकारी, सत्र न्यायालय किंवा उच्च न्यायालय यांपैकी कोणाचा तरी आदेश लागतो. हा नियम जुन्या फौजदारी संहितेतून जसाच्या तसा आलेला आहे. म्हणजे पन्नास पैशांच्या पोस्टकार्डासाठी तपास अधिकाऱ्याला खात्याबाहेरच्या माणसापुढे जावं लागतं. वीस वर्षांच्या पत्रव्यवहारासाठी साहेबांची सही पुरते. टपालातही सरकारनं चोरवाटा ठेवल्या होत्या, हे नाकारत नाही. १९८६ मध्ये टपाल अडवण्याचे अधिकार वाढवणारं विधेयक दोन्ही सभागृहांनी मंजूर केलं होतं. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांनी त्यावर सहीच केली नाही, आणि ते कधीही कायदा झालं नाही. २०२३ चा टपाल कायदा तसेच व्यापक अधिकार घेऊन आला तेव्हा फारशी कुजबुजही झाली नाही.

राष्ट्रीय सुरक्षेचं काय, असं लगेच विचारलं जाईल. तिथं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९ आहे: गृहसचिवाचा आदेश, आणि मदत न करणाऱ्याला सात वर्षांपर्यंत कैद. न्यायाधीश इथंही नाही. आहे ती सचिवांची आढावा समिती, जी दोन महिन्यांतून एकदा बसते. २०१३ मध्ये माहिती अधिकाराखाली मिळालेल्या उत्तरानुसार केंद्र सरकार दरमहा ७,५०० ते ९,००० दूरध्वनी ऐकण्याचे आणि ३०० ते ५०० ईमेल अडवण्याचे आदेश काढत होतं. मुंबई दंगलींच्या चौकशी आयोगामुळे महाराष्ट्राला ठाऊक असलेले न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीनं २०१८ च्या अहवालात याचा हिशेब मांडला: दर बैठकीला १५,००० ते १८,००० आदेश. समिती आठ तास पाणीसुद्धा न पिता बसली, तरी एका आदेशाच्या वाट्याला दोन सेकंद येत नाहीत. याला आढावा म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

दहशतवाद खरा आहे. जुलै २००८ मध्ये अहमदाबाद स्फोटांची जबाबदारी घेणारा ईमेल नवी मुंबईतून गेला, आणि पोलीस ज्या दारात पोचले ते एका परदेशी माणसाचं निघालं, कारण त्याचं वायफाय उघडं होतं आणि दुसऱ्याच कोणी ते वापरलं होतं. पोलिसांनी माग काढायलाच हवा होता. पण ईमेलवरचा पत्ता आणि गुन्हेगाराचा पत्ता एकच नसतो, हेही त्याच प्रकरणानं दाखवलं. संशयाची छाननी तिऱ्हाईतानं करावी, ती अशाच वेळी.

तिऱ्हाईत आला की चोर सुटतील, ही भीतीही तपासून घेऊ. अमेरिकेत ओहायोतल्या एका औषधी गोळ्यांच्या विक्रेत्याचे सुमारे २७,००० ईमेल सरकारनं वॉरंटशिवाय मिळवले. २०१० मध्ये वॉरशॅक खटल्यात अपील न्यायालयानं हे घटनाबाह्य ठरवलं. आरोपी सुटला का? नाही; फसवणुकीबद्दल तो दोषीच राहिला. फरक इतकाच, की पुढच्या वेळी वॉरंट लागणार हे सगळ्या तपास यंत्रणांना कळलं.

आपल्याकडे उलट धडा मिळतो. १९७० च्या दशकात पूरणमल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं आयकराच्या झडतीबद्दल सांगितलं की झडती बेकायदा असली, तरी तिच्यात मिळालेला पुरावा वापरता येतो. मग नियम पाळायची गरज कोणाला वाटेल? ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं मात्र विनीत कुमार प्रकरणात वेगळी वाट धरली. दहा लाखांच्या लाचेच्या आरोपात सीबीआयसाठी काढलेले फोन ऐकण्याचे तीन आदेश रद्द केले आणि ध्वनिमुद्रणं नष्ट करायला सांगितली. सगळी उच्च न्यायालयं याच मताची नाहीत. म्हणूनच हे न्यायाधीशांच्या मर्जीवर न सोडता कायद्यात लिहून टाकायला हवं.

काय लिहायचं ते सरळ आहे. मेलबॉक्स उघडायचा तर न्यायाधीशाचा लेखी आदेश हवा. त्यात कोणाशी झालेला, कोणत्या काळातला, कोणत्या विषयाचा पत्रव्यवहार हवा ते नमूद हवं. बाकीच्या मजकुराची प्रत ठरावीक मुदतीत पुसली जावी. तपास संपला की ज्याचं खातं उघडलं त्याला तसं कळवावं. हे डावलून मिळवलेला पुरावा ग्राह्य धरू नये.

यावर खात्याचं ठरलेलं उत्तर आहे: न्यायालयाच्या आदेशाची वाट पाहीपर्यंत समोरचा मेल पुसून मोकळा होईल. ठीक, अशा वेळी आधी खातं गोठवा आणि चोवीस तासांत कागद घेऊन न्यायाधीशापुढे जा. अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभं करा, असं अनुच्छेद २२ राज्यघटना लागू झाल्यापासून सांगतो आहे, आणि या अटीमुळे देशात अटका थांबल्याचं कोणी ऐकलेलं नाही.