शुगर आता बड्या घरचं दुखणं राहिलेलं नाही

मंडळी, पोस्ट जरा लांब आहे, पण सातारा-सांगलीतल्या प्रत्येक घराशी संबंध आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्याकडं साखर म्हटलं की ऊस, गाळप आणि दर. कुठल्या कारखान्याचा उतारा किती, हे पारावरच्या कुणालाही तोंडपाठ असतं. स्वतःच्या रक्तातली साखर किती, हे विचारा. माणूस गप्प होतो. आयसीएमआरचा देशव्यापी अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार देशात १० कोटींहून जास्त लोकांना मधुमेह आहे आणि साडेतेरा कोटींच्या वर लोक उंबरठ्यावर उभे आहेत.

"आपण काटक माणसं, रानात राबणारी. आपल्याला कुठली शुगर?" हा आपला सगळ्यात मोठा गैरसमज. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर बायका आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. तिथली बाळं जन्मताना सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपली बाळं हडकुळी, पण अंगातली चरबी मात्र त्या मानाने कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक, आतून चरबीचं. अशा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही. म्हणूनच आपल्यासाठी वजनापेक्षा पोटाचा घेर महत्त्वाचा. पुरुषांचा ९० सेंटिमीटर आणि बायकांचा ८० सेंटिमीटरच्या वर गेला की सावध व्हायचं.

आता जरा मागं जा. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात मोठी उपासमार झाली. त्या वेळी जे आईच्या पोटात होते, त्यांची पन्नाशीच्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा त्यांच्या रक्तात साखर जास्त निघाली. आपल्याकडं १९७२ चा दुष्काळ आठवा. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ. सुकडी आणि मिलोवर दिवस काढत पोटुशा बाया खडी फोडत होत्या. त्यांच्या पोटातली लेकरं आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. पोटात उपाशी राहिलेलं शरीर टंचाईसाठी घडतं. आता टेंभूचं, उरमोडीचं पाणी आलं, रानात ऊस आला, दारात मोटरसायकल आली. पाणी आलं हे चांगलंच झालं, त्यासाठी पिढ्या झगडल्या. पण टंचाईसाठी घडलेल्या शरीराला हा बदल झेपतोय का, याचा हिशेब आरोग्य खात्याने या तालुक्यांत मांडायलाच पाहिजे.

लक्षणं काय? सारखी तहान, रात्री लघवीला उठणं, वजन उतरणं, नजर अंधुक होणं, जखम न भरणं, तळपायाला मुंग्या, जांघेत खाज. पण कित्येकांना वर्षानुवर्षं यातलं काहीच होत नाही. म्हणून त्रासाची वाट बघू नका. उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, अथवा एचबीए१सी ६.५ किंवा जास्त आलं तर पुन्हा तपासून खात्री करायची. उपाशीपोटी १०० ते १२५ म्हणजे उंबरठा. तिथून माघारी फिरता येतं.

पोरींच्या आयांनो, हे तुमच्यासाठी. वयात येताना मुरूम येतातच, त्याचा शुगरशी संबंध लावू नका. पण मुरमांबरोबर पाळी अनियमित, ओठावर-हनुवटीवर लव आणि मानेवर काळी जाड कातडी दिसली तर ती मान घासून उजळणार नाही. तो मळ नव्हे, बऱ्याचदा इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. डॉक्टरला दाखवा. आणि मेडिकलमधून कुणी सांगितलं म्हणून गोरं करणारी ट्यूब आणू नका. त्यातल्या अनेकांत स्टिरॉइड असतं, त्याने मुरूम वाढतात आणि कातडी पातळ होते.

दुसरी गोष्ट पायांची. माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण, बरड करत आपल्या जिल्ह्यातून जाते. तापल्या डांबरावर कित्येक जण अनवाणी चालतात. शुगरने तळपायाची जाणीव गेलेली असेल तर फोड आलेला कळतच नाही. फोडाची जखम, जखमेचा गँगरीन, मग बोट किंवा पाय. वारी जरूर करा, पण पायात काहीतरी घाला आणि रोज रात्री तळवे बघा. विठोबा चप्पल बघून दर्शन नाकारत नाही.

एकादशीचंही तेच. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट, त्याने साखर झपाट्याने चढते. उलट कडक उपास करून नेहमीची गोळी घेतली तर काही गोळ्यांनी साखर धोकादायक उतरते. घाम, थरथर, भोवळ आली तर आधी साखर खायची. उपास करण्याआधी डॉक्टरला विचारा. आणि "भाकरीने शुगर होत नाही" हेही अर्धंच खरं. भाकरी चांगली, पण चार भाकरी म्हणजे चार भाकरी. सोबत डाळ-उसळ आणि पालेभाजी वाढवा.

"शुगर मुळापासून घालवतो" म्हणणाऱ्याच्या नादी लागून गोळ्या बंद करू नका. कारल्याचा रस प्यायचा तर प्या, पण गोळीच्या जागी नको. गोळी बंद केल्यावर डोळा आणि किडनी आतल्या आत बिघडत राहतात, आणि शेवटी डायलिसिसपायी रान विकायची वेळ येते.

आता मुद्द्याचं. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. तिशीवरच्या प्रत्येकाची शुगर-बीपी तपासायची, हा सरकारी कार्यक्रमच आहे. मग येत्या ग्रामसभेत गटार आणि रस्त्याबरोबर चार प्रश्न विचारा. उपकेंद्रात शुगरच्या पट्ट्या आहेत का? मेटफॉर्मिन महिनाभर पुरतील एवढ्या मिळतात का? वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा आणि तळपाय कोण तपासणार? गावातल्या तिशीवरच्या किती जणांची तपासणी झाली? उत्तरं ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या.

ऊसदरासाठी आपण रस्त्यावर उतरतो, उतरलंच पाहिजे. पण ज्याच्या घामाचा तो दर आहे, त्याचा पाय शाबूत राहावा म्हणून ग्रामसभेत हात वर करायला काय हरकत आहे?

पटलं तर गावच्या ग्रुपवर टाका. आणि उद्या सकाळी चहाच्या आधी शुगर तपासून या.