मीठ उडत नाही

सोमवारी सकाळी साडेनऊला आमच्या ऑफिसात प्रत्येकाची नजर कुठल्या ना कुठल्या आकड्यावर असते. कुणी सेन्सेक्स बघतंय, कुणी क्रेडिट कार्डाचं बिल, कुणी रविवारच्या मिसळीनंतर वाढलेलं वजन. मी एक छोटी वही उघडतो. तिच्यात लिहिलेलं असतं : १.०२५, २६, ८, ५. शेजारच्या क्यूबिकलमधल्या मित्राने एकदा डोकावून विचारलं, "काय रे, मटका लावतोस की काय?" म्हटलं, "नाही बाबा, समुद्र सांभाळतो."

समुद्र म्हणजे ठाण्यातल्या आमच्या वन बीएचकेच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी ठेवलेली दोन फुटी काचेची टाकी. पाणी साधारण ६० लिटर. आत दोन क्लाऊनफिश ('फाइंडिंग निमो' २००३ मध्ये आला आणि हा मासा घराघरात पोचला, तोच तो), चार-पाच शंखातल्या गोगलगायी, आणि खडकावर झोआंथिड नि मशरूम ही मऊ प्रवाळं. रात्री निळा लाइट लावला की झोआंथिड असे चमकतात, की पाहुणे टीव्हीकडे ढुंकूनही बघत नाहीत.

आधीच एक सांगून टाकतो, कारण हे वाचून तुमच्यापैकी कुणीतरी येत्या शनिवारी दुकानात जाणारच. कडक सांगाड्याची, म्हणजे खरी रीफ बांधणारी सगळी प्रवाळं आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत. वाघ ज्या यादीत, त्याच यादीत. काळी प्रवाळं, सी-फॅन, समुद्री घोडेही तिथेच. तेव्हा दुकानदार हळूच आतल्या खोलीतून काही काढून दाखवायला लागला, तर सरळ बाहेर पडा. समुद्रातून उचललेला 'लाइव्ह रॉक' म्हणजेही बहुतेकदा प्रवाळाचाच तुकडा असतो. माझे खडक सिरॅमिकचे आहेत. झोआंथिड एका मित्राच्या टाकीत वाढलेल्या गुच्छातून आलेत आणि क्लाऊनफिश माणसाच्या देखरेखीखाली जन्मलेले आहेत. कडक प्रवाळं बघायची हौस आली की मालवण आहेच. तिथलं सागरी अभयारण्य १९८७ चं आहे, आणि तिथलं तिथेच छान दिसतं.

असो. तर मुद्दा पाण्याचा.

टाकी आणली तेव्हा मला वाटलं होतं, आपण मासे पाळतोय. महिन्याभरात कळलं, आपण पाणी पाळतोय. मासे आपले त्यात राहतात. पहिले पाच आठवडे तर नुसतं पाणी, खडक आणि खाण्याचा एक चिमूटभर चुरा. त्यातून अमोनिया होतो, काही जिवाणू त्याचा नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचा नायट्रेट. ही मंडळी वसाहत करून स्थिरावेपर्यंत एकही मासा सोडायचा नाही. येणारे-जाणारे विचारायचे, "मासे कुठायत?" आई गंभीर चेहऱ्याने सांगायची, "नोटीस पिरियडवर आहेत."

मग पाणी आटायला लागलं. मे महिना, टाकी थंड राहावी म्हणून वर छोटा पंखा लावलेला. रोज जवळजवळ लिटरभर पाणी उडायचं. मी शहाण्यासारखा रोज लिटरभर खारं पाणी करायचो आणि ओतायचो. समुद्र आटला तर समुद्रच घालायला हवा ना? अगदी लॉजिकल!

दहाव्या दिवशी रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून बघितलं. १.०२५ असायला हवं होतं, आकडा १.०३०. मला वाटलं, यंत्रच बिघडलं. आई स्वयंपाकघरातून हात पुसत आली.

"काय घालतोस रोज त्यात?"

"खारं पाणी."

"आणि उडतं काय?"

"पाणी."

"नुसतं पाणी ना? मग मीठ कुठे जातं?"

मी गप्प. आईचं माहेर पेणचं. लहानपणी मिठागरं बघितलेली बाई. "अरे, मीठ उडत नाही. उडत असतं तर मिठागरात काय उरलं असतं? आमटी आटून खारट झाली, तर तू वरून आणखी मीठ घालशील का?"

ठाण्याहून ऑफिसला जाताना मुलुंड-भांडुपची मिठागरं मी रोज बसच्या खिडकीतून बघतो. बीएस्सी केमिस्ट्री, वर एमबीए. आणि हे मला आमटीवरून समजावं लागलं! हिशेब अगदी साधा होता. दहा लिटर खाऱ्या पाण्यातून जवळजवळ साडेतीनशे ग्रॅम जादा मीठ मी माझ्याच हाताने टाकीत घातलं होतं. तेव्हापासून नियम एकच : आटलेलं पाणी गोड्या पाण्याने भरायचं, आणि पाणी बदलायचं असेल तेव्हाच खारं वापरायचं. आईने टाकीच्या काचेवर मार्करने एक रेघ मारली आहे. पाणी रेघेखाली गेलं की भरायचं. ही रेघ मी आजतागायत पुसलेली नाही.

गोडं पाणी म्हणजे नळाचं नाही बरं का. नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, कधी फॉस्फेट नि सिलिकेटही, आणि मग टाकीत शेवाळाची बाग फुलते. घरच्या आरओचं पाणीही बहुतेकदा चालत नाही. चवीसाठी त्यात क्षार राखलेले किंवा परत मिसळलेले असतात. टीडीएस मीटर बुडवून बघा, आकडा पन्नास-साठ दिसला तरी आश्चर्य नको. आपल्याला हवा शून्य. त्यासाठी आरओच्या पुढे डीआयची एक नळकांडी बसवावी लागते.

इथपर्यंत सगळं गमतीचं. पुढचं नाही.

टाकीत आणखी एक जण होता. लाल पाठ, त्यावर पांढरा पट्टा आणि लांबच लांब पांढऱ्या मिशा असलेली कोळंबी. क्लीनर श्रिम्प. मिशा बघून आईने त्याचं नाव ठेवलं पांडू. माशांच्या अंगावरची घाण टिपणं हा त्याचा धंदा. आईने पाण्यात हात घातला की तिचीही नखं साफ करून द्यायचा. एकदा सकाळी आईचा ऑफिसात फोन, आवाज रडवेला. "पांडू गेला रे. तळाशी पडलाय." घरी येऊन बघतो, तर तळाशी नुसती कात! मिशांसकट अख्खी, हुबेहूब. पांडू खडकामागे नव्या कोऱ्या अंगाने लपून बसलेला. त्या दिवशी आईने शिरा केला होता.

जानेवारीत एका रात्री, दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या क्लायंटचा कॉल असताना, मी टाकीची अल्कलिनिटी तपासली. अल्कलिनिटी म्हणजे पाण्यातल्या बायकार्बोनेट-कार्बोनेटचा साठा. पाण्याचा पीएच एकदम घसरू नये म्हणून ही शिल्लक लागते. कडक प्रवाळं यातूनच सांगाडा बांधतात. ती मोजतात डीकेएचमध्ये. समुद्रात साधारण सात असते, टाकीत सात ते नऊ ठेवतात. टेस्ट किटमध्ये थेंब मोजायचे, निळ्याचं पिवळं झालं की थांबायचं. माझे सहा थेंबांतच पिवळं झालं.

सहा! मला कुठे झोप लागतेय? रात्रीचे अकरा वाजलेले. अल्कलिनिटी वाढवायला खायचा सोडा चालतो, हे ठाऊक होतं. स्वयंपाकघरातला डबा काढला, दोन चमचे ग्लासभर पाण्यात ढवळले आणि ओतले. थोडं जास्तच बरं, म्हणून दोन. मग शांत झोपलो.

हिशेब नंतर केला, तो तुम्ही आधीच करा. ६० लिटर पाण्यात एक डीकेएच वाढवायला खायचा सोडा लागतो जेमतेम दोन ग्रॅम. सपाट चहाचा चमचा भरतो पाच ग्रॅमच्या आसपास. म्हणजे मी एका रात्रीत आकडा साडेपाचने वर नेला होता. दिवसाला एकपेक्षा जास्त वाढवू नये, हा या छंदातला पहिलीच्या वर्गातला धडा.

सकाळी सगळे झोआंथिड मिटलेले. पांडू तळाशी आडवा. मी म्हटलं, कात टाकली असेल, आणि कॉलला पळालो. दुपारी आईचा फोन आला नाही. संध्याकाळी घरी आलो तर ती टाकीसमोर स्टूल घेऊन बसलेली. "खडकामागे बघितलं मी," एवढंच म्हणाली. "नाहीये कुणी."

याच छंदातला मित्र रात्री त्याचं किट घेऊन आला. त्याच्या किटवर तेरा. माझ्या किटवर त्याच पाण्याचे साडेदहाही भरेनात. मग उलट हिशेब केला. तेरातून साडेपाच वजा करा. म्हणजे मी सोडा घालण्याआधी टाकी साडेसातवर होती. ठणठणीत. आजार टाकीला नव्हता, किटला होता. बाटलीचं झाकण कित्येक महिने सैल राहिलेलं. त्यात असतं सौम्य ॲसिड. बहुधा त्यातलंही पाणी उडालं, ॲसिड दाट झालं आणि कमी थेंबांत रंग बदलायला लागला. आईने ऐकलं आणि ती काहीच बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मी लगेच अर्धं पाणी बदलायला निघालो. मित्राने हात धरला. "आता परत तेच करतोयस. काही करू नकोस." रोज सहा लिटर, बस. आठ डीकेएचचं नवं पाणी दहा टक्के घातलं, की तेराचे साडेबारा होतात. एवढ्याच वेगाने खाली यायचं. झोआंथिड उघडायला तीन आठवडे लागले. ते तीन आठवडे काहीही न करता बसणं हे मला त्या वर्षीच्या अप्रेझलपेक्षा जड गेलं.

आमच्या ऑफिसात डॅशबोर्डवर एक चौकोन लाल झाला की अर्ध्या तासात मीटिंग, एका तासात ॲक्शन प्लॅन. आकडा बरोबर आहे का, हे विचारायला कुणी थांबत नाही. मी तर नाहीच. टाकीतही मी तेच केलं, फक्त तिथे पांडू होता.

म्हणून आता फ्रिजवर एक कागद चिकटवलाय. सॅलिनिटी १.०२५ ते १.०२६. तापमान २५ ते २६. अल्कलिनिटी ७ ते ९. कॅल्शियम ४०० ते ४४०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास (ते कमी पडलं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकमेकांना धरून पांढरा साका होऊन बसतात). नायट्रेट थोडा असू द्या, पाच चालेल, शून्याचा हट्ट नको, झोआंथिडनाही काहीतरी खायला लागतं. आणि खाली लाल पेनने : "आकडा विचित्र दिसला तर आधी परत मोज. तरी विचित्रच, तर दुसऱ्या किटने मोज. तरीही, तर उद्या." खरं म्हणजे माझ्यासारख्या मऊ प्रवाळांच्या छोट्या टाकीला आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं की बाहेरून काही घालावंच लागत नाही. ही मंडळी कॅल्शियम-अल्कलिनिटी फारशी खातच नाहीत. मी अख्खं वर्ष नसलेल्या प्रश्नाला उत्तर शोधत होतो.

पीएचचंही तसंच. पहाटे मोजला तर ७.८ यायचा, मला धसका. बाजारात पीएच वाढवायची बाटली मिळते, तीही आणली होती. एसीसाठी दारंखिडक्या बंद करून आम्ही रात्रभर श्वास सोडतो, तो कार्बन डायऑक्साइड पाण्यात उतरतो, पीएच खाली येतो. आई सहाला उठून खिडक्या उघडते. नऊपर्यंत पीएच आपोआप वर सरकलेला असतो. बाटलीचं सील अजून तसंच आहे.

गेल्या महिन्यात नवा श्रिम्प आणला. पिशवीतलं पाणी आणि टाकीतलं पाणी एक होऊ द्यायला दीड तास थेंब थेंब सोडत बसलो. मोबाइल आत ठेवून. आई म्हणाली, "याचं नाव काय ठेवायचं?" मी म्हटलं, तूच सांग. ती म्हणाली, "घाई काय आहे? आधी रुळू दे."

अजून नाव ठेवलेलं नाही. काल त्याने पहिल्यांदा कात टाकली. आईने आधी खडकामागे बघितलं, मग मला फोन केला.