सर्च बॉक्स नंतर, आधी यादी

‘सगळं स्कॅन करून टाका, बाकीचं एआय बघून घेईल.’ जुन्या कागदपत्रांचा विषय निघाला की आमच्या आयटीतला कोणी ना कोणी हे बोलतोच. दोन वर्षांपूर्वी मीही हेच बोललो होतो, आणि तेही जाहीर डेमोत.

एका छोट्या संस्थेकडे मोडी कागदांचा संग्रह आहे. स्कॅन आधीच झालेले होते. मी आणि माझ्या दोन मित्रांनी शनिवार-रविवार खपून त्यावर पोर्टल बांधलं. वर मोठा सर्च बॉक्स, मोबाईलवर झकास दिसणारा. टाळ्या पडल्या. पंधरा दिवसांनी पीएचडी करणारी एक मुलगी आली. एका गावच्या पाटलकीच्या भांडणाचा महजर तिला हवा होता. तिने त्या घराण्याचं आडनाव टाकलं, मग गावाचं नाव, मग साल. तिन्ही वेळा शून्य निकाल. कागद संग्रहात नाही, असं समजून ती निघालीच होती.

तेवढ्यात तिथले कारकून काका म्हणाले, ‘अहो, नाव काय शोधताय? परगणा सांगा.’ कपाटातून त्यांनी लाल कापडी बांधणीचं रजिस्टर काढलं. रुमाल नंबर, कागद कुठल्या घराण्याकडून किंवा खात्यातून आले, परगणा, सालं, मजकूर दोन ओळींत. अर्ध्या तासात महजर टेबलावर होता. आमच्या पोर्टलवर त्याचा स्कॅनही होता! फाइलचं नाव होतं आयएमजी आणि पुढे चार आकडे.

ते रजिस्टर म्हणजेच अभिलेखागारांच्या भाषेतलं फाइंडिंग एड. संग्रहात काय आहे, कुठून आलं, कसं लावलंय, हे सांगणारी यादी.

आता कोणी म्हणेल, मशीन मोडी वाचायला शिकलं की प्रश्न मिटेल. नाही मिटणार. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्दांत जागा सोडलेली नाही, हे झालंच. पण समजा, मशीनने प्रत्येक अक्षर बिनचूक वाचलं. तरी तुम्ही ‘१७६१’ टाकाल आणि कागदावर असेल ‘इहिदे सितैन मया व अलफ’, म्हणजे सुहूर सन ११६१. ते जून १७६० च्या आसपास सुरू होतं, म्हणून पानिपतची लढाई त्यातच येते. तुम्ही आडनाव टाकाल आणि कागदावर असेल ‘अमका बिन तमका, मोकदम मौजे अमुक’. आडनाव तिथे नाहीच. मशीन तरी काय वाचणार?

दुसरी चूक जास्त खोल आहे. आम्ही प्रत्येक कागद सुटा धरला, डेटाबेसमधल्या एका ओळीसारखा. पण दप्तरातला कागद सुटा नसतो. कुळकर्ण्याचा हिशेब त्याच रुमालातल्या तक्रारीशेजारी ठेवला की कळतो. एका कचेरीतून आलेले कागद एकत्रच ठेवावेत, हा नियम फ्रान्समध्ये १८४१ सालीच घातला गेला. आम्ही २०२० नंतर तो मोडला आणि त्याला डिजिटायझेशन म्हणालो.

पुण्याच्या पेशवे दप्तराचं बघा. सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. त्यांचे पीडीएफ आमच्या इतिहासाच्या ग्रुपवर रोज फिरतात. त्याच सरदेसायांनी १९३३ मध्ये त्या दप्तराची मार्गदर्शिका लिहिली. ती मागताना मी तरी कोणाला पाहिलं नाही. ४५ खंड म्हणजे दुसऱ्याने निवडलेलं. स्वतः निवडायचं असेल, तर हजारो रुमालांत शिरायची वाट यादीतूनच जाते.

यादी निष्पाप असते, असं माझं म्हणणं नाही. त्या दप्तराची मोठी लावालाव इंग्रजांच्या इनाम कमिशनने केली, कारण त्यांना बघायचं होतं की कोणाचं इनाम खरं आणि कोणाचं काढून घेता येईल. त्यांना ज्याची गरज नव्हती, ते मागे पडलं. पण कप्पे कोणी आणि कशासाठी पाडले हे कळलं, की त्यांच्याबाहेर कसं शोधायचं तेही सुचतं. सर्च बॉक्स मात्र सरळ ‘निकाल नाही’ म्हणतो आणि आपण समजतो, कागदच नाही. ती मुलगी तशीच परत गेली असती.

स्कॅनिंगला माझा विरोध नाही. कागद हाताळणीने झिजतात. माझं भांडण क्रमाशी आहे. आधी यादी टाइप करा, मग स्कॅन तिला जोडा. यादीसाठी ईएडी नावाचा एक्सएमएल नमुना १९९८ पासून तयार आहे, नवीन काही शोधायचं नाही. आमच्या संस्थेत स्कॅनचं बिल पानांवर निघालं, आणि रजिस्टरं ‘ऐतिहासिक कागद’ नाहीत म्हणून मोजणीतून वगळली गेली. संग्रहाची सगळी किल्ली त्या सात वह्यांत, आणि कॉपी एकाचीही नाही.

आता दर शनिवारी काका वाचतात आणि आम्ही टाइप करतो. ‘किता’ म्हणजे वरच्यासारखंच, ‘जी’ची खूण म्हणजे कागद जीर्ण, हे फक्त त्यांना माहीत आहे. चौथी वही चालू आहे. काका मे महिन्यात निवृत्त होतायत.