बटणाआधी हवा

डॅशबोर्डवर घोड्याच्या नालेसारखे पिवळे चिन्ह उमटते, मध्ये उद्गारवाचक खूण असते. टायरमधली हवा कमी झाल्याचा हा इशारा. पण अनेक चालक टायरकडे बघण्याआधी रीसेटचे बटण शोधतात. दिवा विझला म्हणजे काम झाले, ही समजूत धोक्याची आहे.

हा इशारा देणारी यंत्रणा दोन प्रकारची असते. एका प्रकारात प्रत्येक चाकात बॅटरीवर चालणारा सेन्सर असतो. तो हवेचा दाब प्रत्यक्ष मोजतो आणि रेडिओलहरींनी गाडीला कळवतो. अशा बहुतेक गाड्यांत योग्य हवा भरून थोडे अंतर चालवले की दिवा आपोआप विझतो. दुसऱ्या प्रकारात दाब मोजलाच जात नाही. हवा उतरलेल्या चाकाचा घेर किंचित घटतो, म्हणून ते इतरांपेक्षा जास्त फेरे घेते. एबीएसच्या सेन्सरकडून हा फरक गाडीला समजतो. यात रीसेट करणे म्हणजे ‘आत्ताची हवा बरोबर आहे’ असे गाडीला सांगणे. चारही चाके उतरलेली असताना बटण दाबले, तर गाडी तीच स्थिती योग्य मानते आणि पुढे खरी गरज असताना गप्प राहते. दिवा नसण्यापेक्षा हे वाईट, कारण चालक निर्धास्त असतो.

म्हणून क्रम महत्त्वाचा. गाडी किमान तीन तास उभी असावी, टायर थंड असावेत. चालकाच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर लिहिलेली हवा चारही चाकांत भरावी. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तो भरायचा नसतो. पंपावर मात्र ‘पस्तीस टाकू?’ एवढाच प्रश्न येतो आणि आपण मान डोलावतो! हवा नीट भरल्यावरच, पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे रीसेट करावे. टायर बदलले किंवा चाकांची अदलाबदल केली, तरी हेच.

ऋतूही बघावा लागतो. विदर्भात मे महिन्याच्या ४५ अंशांत भरलेली हवा डिसेंबरच्या पहाटे १२ अंशांवर सुमारे पाच पीएसआयने कमी भरते, आणि ती गळती नसते. नायट्रोजन भरल्याने या हिशेबात फरक पडत नाही.

ही यंत्रणा अपघातांतून सक्तीची झाली. २००० साली अमेरिकेत फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले; त्यांतले बरेच फोर्ड एक्स्प्लोररवर होते. त्याच वर्षी तेथे कायदा झाला. त्याखालच्या नियमानुसार शिफारशीपेक्षा २५ टक्के हवा कमी झाली की दिवा लागलाच पाहिजे. म्हणजे त्याआधीची घट यंत्रणा सांगेलच असे नाही. आपल्याकडे २०२० पासून, ही यंत्रणा आणि पंक्चर दुरुस्तीचा संच असलेल्या ठरावीक मोटारींना स्टेपनी न ठेवण्याची मुभा आहे. स्टेपनी नसलेल्या गाडीत तर या दिव्यावरच अधिक भिस्त राहते. तेव्हा गाडीची चावी देताना विक्रेत्याने संगीतयंत्रणेऐवजी आधी हा दिवा समजावून सांगावा.

दिवा सुरुवातीला मिनिटभर लुकलुकून मग स्थिर राहत असेल, तर दोष बहुधा यंत्रणेचाच असतो. सेन्सरची बॅटरी साधारण पाच ते दहा वर्षांत संपते आणि बहुतेक सेन्सरांत ती वेगळी बदलता येत नाही. तिथे रीसेटचा उपयोग नाही, सेन्सरच बदलावा लागतो.