किल्ला कोणाचा, हे नंतर सांगा. पाणी कोणाचे होते ते आधी बोला

देवगिरी, म्हणजे दौलताबादचा किल्ला हिंदूंचा की मुसलमानांचा, यावर आपल्या मराठवाड्यात मोबाइलवर लढाया जुंपतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. हा किल्ला कोणाच्या हातांनी उभा राहिला आणि त्याच्या पाण्याला हात लावायची बंदी कोणाला होती?

आधी किल्ला पाहू. बाराव्या शतकात यादवांनी इथे राजधानी केली. काळ्या दगडाचा हा डोंगर चहूबाजूंनी भिंतीसारखा उभा तासलेला आहे. अंबरकोट, महाकोट, काळाकोट अशी तटबंदीची तीन कडी ओलांडली की कातळात खोदलेला खंदक लागतो. त्यावरच्या अरुंद वाटेने पलीकडे गेले की डोंगराच्या पोटातून वर चढणारी अंधारी. शत्रूला वाट दिसूच नये, ही योजना. १२९६ मध्ये अल्लाउद्दीन खिलजी आला. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची राजधानी इथे आणली. पुढे बहमनी, निजामशाही, मोगल, हैदराबादचा निजाम. राजांची नावे आम्हाला पाठ करायला लावली. पण छिन्नीने डोंगर तासणाऱ्यांची नावे कोणत्या धड्यात आहेत?

त्या काळच्या एका मजुराचे नाव मात्र आपल्याला ठाऊक आहे. चोखामेळा. मंगळवेढ्याला गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून १३३८ मध्ये ते गेले, असे परंपरा सांगते. कूस बांधायला महार चालतो, कुसाच्या आत राहायला चालत नाही! भिंतीखाली माणूस जाणे म्हणजे काय, हे आम्हा किल्लारीकरांना समजावून सांगावे लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगड-मातीच्या भिंतींनी आमची हजारो माणसे गिळली. त्या मेलेल्यांची आठवण आपण ठेवतो. तटाखाली गेलेल्यांची कोणी ठेवायची?

आता १९३४ कडे या. बाबासाहेब आणि त्यांचे सुमारे तीस सहकारी वेरूळला जाताना दौलताबादला थांबले. किल्ल्याच्या दरवाजाबाहेरच्या टाक्यावर प्रवासाची धूळ धुतली. तेवढ्यात एक वृद्ध मुसलमान ओरडत आला, धेडांनी टाके बाटवले म्हणून. जमाव जमला. शेवटी किल्ला पाहू दिला तो या अटीवर, की आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही. लक्ष ठेवायला सोबत हत्यारबंद शिपाई दिला. बाबासाहेबांनी हे स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवले आहे.

हा प्रसंग उचलून मुसलमानांवर दगड मारायला काही जण टपलेले असतात. त्यांना आमचा सवाल : त्याच्या सातच वर्षे आधी, २० मार्च १९२७ ला, महाडच्या चवदार तळ्यावर पाणी प्यायलेल्यांना कोणी मारले? तळे बाटले म्हणून ते शुद्ध कोणी करून घेतले? बाबासाहेबांनी त्याच लिखाणात हिंदू, पारशी, मुसलमान असा सगळ्यांचा हिशेब मांडला आहे. देवगिरीवर झेंडे बदलले, भाषा बदलली, गावाचे नाव बदलले. जात तशीच राहिली. तिला कोणत्याच राजाने खंदकात लोटले नाही.

काही शहाणे म्हणतात, जुने कशाला उकरता? वा रे न्याय! बाराव्या शतकाचा अभिमान ताजा आणि १९३४ तेवढे जुने?

म्हणून मित्रांनो, किल्ले सोडू नका. ते आपल्या पूर्वजांच्या घामाचे आहेत. औसा, उदगीर, कंधार, माहूर, देवगिरी, सगळीकडे जा. तोफेपाशी फोटो काढा, हरकत नाही. पण दौलताबादच्या दरवाजाशी उभे राहून १९३४ चा प्रसंग सोबतच्या पोरांना मोठ्याने सांगा. तो तिथे मराठीत, ठळक अक्षरांत लिहिलेला असावा, अशी मागणी पुरातत्त्व खात्याकडे लेखी करा. एका अर्जाने भागले नाही तर शंभर करा. चोखोबांच्या वेळी अर्ज लिहायची सोय नव्हती. आपल्या हातात बाबासाहेबांनी लेखणी दिली आहे.

जय भीम!