शून्य कुठं धरायचं?

मित्रांनो, सर्व्हे कॅम्पचा पहिला धडा आठवतोय? आधी बेंचमार्क शोधा. तोच चुकला तर पुढची सगळी रीडिंग्ज बरोबर असूनही आरएल चुकतो.

२० नोव्हेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने अरवलीची नवी व्याख्या मान्य केली: आजूबाजूच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा जास्त उंच, तोच अरवलीचा डोंगर. प्रश्न खाणींचा होता, त्यामुळे मोठी ओरड झाली. २९ डिसेंबरला कोर्टानेच त्या आदेशाला स्थगिती दिली. पण मुद्दा संपला नाही. ९९ मीटरची एकटी टेकडी यादीबाहेर पडली, तर तिला वाचवणार कोण?

मोबाईलचा जीपीएस उंचीत पाच-दहा मीटर सहज चुकतो. ती चूक आपण लेव्हल लावून काढू. पण 'आजूबाजूची जमीन' म्हणजे नेमकी कुठली? जोतिबाचा डोंगर पंचगंगेच्या काठावरून मोजा, नाहीतर पायथ्याच्या गावातून. दोन आकडे येणार आणि दोन्ही बरोबर! मसाई पठार तर वरून सपाट, त्याचं शिखर कुठं शोधणार?

मोजूच नये असं मी म्हणत नाही. मोजावंच. आपल्याकडे बांधकामाच्या नियमांत टेकडीचा १:५ उतार बघतात. तसंच उताराबरोबर झरे, ओढे, झाडीही बघा. पावसाचं पाणी अडवायला टेकडी शंभर मीटरचीच लागत नाही.

उद्या आपल्यातलाच कुणीतरी त्या रिपोर्टवर सही करणार आहे. तेव्हा भावा, 'उंची किती?' याच्या आधी 'कुठून?' एवढं विचार.