गुमास्ता भिंतीवर, गुमास्ता माळ्यावर

उपनगरातल्या कुठल्याही दुकानात गल्ल्यामागच्या भिंतीकडे पाहावे. लक्ष्मी-गणपतीची तसबीर, तिच्यापुढे मिणमिणणारा लाल दिवा आणि शेजारी काचेच्या चौकटीत पिवळा पडलेला एक सरकारी कागद. अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत या कागदाला सगळे ‘गुमास्ता’ म्हणतात. ‘गुमास्ता काढलात का? कोणाच्या नावावर आहे?’ चालू खाते उघडायला आलेल्या माणसाला बँकेच्या टेबलामागून हे प्रश्न मी नोकरीभर विचारले.

गुमास्ता हा मूळ फारसी शब्द. त्याचा अर्थ पेढीवर मालकाच्या वतीने काम करणारा नोकर. म्हणजे मालक ज्याला आपला परवाना समजतो, तो कागद नावानेच नोकराचा आहे. १९३९ साली मुंबई प्रांताने दुकानांतल्या नोकरांसाठी कायदा केला आणि त्याच्या जागी १९४८ चा मुंबई दुकाने व आस्थापना अधिनियम आला. कामाचे तास किती, आठवड्याची सुट्टी कधी, जेवायला वेळ मिळतो की नाही, भरपगारी रजा किती, हा त्या कायद्याचा गाभा. दुकानात किती माणसे राबतात हे सरकारला कळावे म्हणून नोंदणी. पुढे नोकर बाजूला राहिला आणि नोंदणीचा कागद तेवढा भिंतीवर चढला. त्याला एवढा मान मिळण्यात आम्हा बँकवाल्यांचाही हात आहेच. धंदा खरा आहे की खोटा, हे त्या एका कागदावरून ठरवण्याची सोय कोणाला नको असते!

लहान धंदेवाल्याच्या कागदांचा पसारा मात्र एका चौकटीत मावत नाही. आमच्या मुलुंडमध्ये एक बाई पोळीभाजी केंद्र चालवतात. त्यांच्या प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये अन्न परवान्याची नोंदणी आहे, ‘उद्यम’चे प्रमाणपत्र आहे, वजनकाट्यावर शिक्का मारून घेतल्याची पावती आहे, व्यवसाय कराची चलने आहेत. हा व्यवसाय कर १९७५ साली रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून सुरू झाला. घटनेनेच त्याची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये ठरवली असल्यामुळे पोळ्या विकणारी बाई आणि नावाजलेला सर्जन इथे एका रांगेत उभे राहतात. बाईंना त्याचे दुःख नाही. ‘साहेब,’ त्या म्हणाल्या, ‘पोळ्या लाटायला दोघी आहेत, कागद सांभाळायला आता तिसरी ठेवू का?’ तिसरी ठेवणे परवडत नाही म्हणून एजंट येतो. उद्यम नोंदणी २०२० पासून सुरू झाली, ती पूर्णपणे मोफत आहे आणि स्वतःच्या मोबाइलवरून करता येते. तरीही बाईंनी तिचे हजार रुपये मोजले होते. कायद्याची भीती ही एक वेगळीच बाजारपेठ आहे.

याच कायद्यात धंदेवाल्याच्या उपयोगाचेही काही असते, हे एजंट सांगत नाही. अंधेरीला मरोळच्या एमआयडीसीत सुटे भाग बनवणारे लहान कारखानदार माझे खातेदार होते. त्यांची कर्जे थकत ती ऑर्डर नव्हत्या म्हणून नव्हे. मोठ्या कंपन्या बिलाचे पैसे चार-चार महिने अडकवून ठेवत म्हणून. २००६ च्या कायद्याने लहान उद्योगाचे बिल जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करायला सांगितले. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून आयकरातही पाचर मारली गेली. मुदतीत पैसे दिले नाहीत तर प्रत्यक्ष देईपर्यंत ती रक्कम खर्चात धरता येत नाही. चांगलीच तरतूद. पण व्याजाचा दावा लावा असे एका कारखानदाराला मी सुचवले, तेव्हा तो हसला. ‘व्याज मिळेल हो, पुढची ऑर्डर कोण देणार?’ या प्रश्नाला उत्तर देणारे कलम माझ्या वाचनात नाही.

मालकाची बाजू मी मांडली, कारण तीही लंगडीच आहे. पण आता चौकटीतल्या कागदाकडून माळ्यावरच्या माणसाकडे यायला हवे.

१८ डिसेंबर २०१७ च्या पहाटे साकीनाक्याला, खैरानी रोडवर फरसाणाच्या एका गाळ्याला आग लागली. आत झोपलेले बारा कामगार गेले. जिथे तळायचे तिथेच निजायचे, ही उपनगरातली सर्रास पद्धत. खोलीचे भाडे परवडत नाही, आणि मालकालाही रात्रीचा फुकटचा राखणदार मिळतो. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, १९ डिसेंबरला, राज्याचा नवा दुकाने व आस्थापना कायदा अमलात आला. दहापेक्षा कमी माणसे असतील तर नोंदणी नको, ऑनलाइन सूचना पुरे. निरीक्षकाच्या जागी ‘फॅसिलिटेटर’. दुकान वर्षाचे ३६५ दिवस उघडे ठेवायची मुभा, फक्त माणसांना पाळीपाळीने सुट्टी द्या. तारखांचा हा निव्वळ योगायोग, पण तो माझ्या डोक्यातून जात नाही. २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दहाची मर्यादा विसावर नेण्याचा निर्णय घेतला. त्याच वर्षी २१ नोव्हेंबरपासून केंद्राचे एकोणतीस जुने कामगार कायदे चार संहितांत गोळा झाले.

कागद कमी झाले याचे मला वाईट वाटत नाही. वॉर्ड ऑफिसच्या खेपा, नूतनीकरणाचे ‘चहापाणी’ हे सारे मी खातेदारांच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहे. भिंतीवरच्या कागदाने साकीनाक्याची आग विझलीही नसती. माझी तक्रार वेगळी आहे. कागद गेला त्याबरोबर पाहणीही गेली, आणि खरी गरज पाहणीची होती. गॅसचे सिलिंडर कुठे ठेवले आहे, तारा किती भार ओढतात, माळ्यावरून खाली यायला जिना आहे की शिडी, शटर आतून उघडते का, हे कुठल्याच ऑनलाइन अर्जात कळत नाही. २००६ च्या राज्य अग्निसुरक्षा कायद्याने दर जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचा दाखला द्यायला सांगितले आहे. तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्या लाल नळकांड्यावरची तारीख एकदा वाचून पाहा.

मनात आणले तर पाहणी होते. मराठी पाट्यांची दुरुस्ती २०२२ मध्ये झाली. सप्टेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना दोन महिन्यांची मुदत दिली आणि नोव्हेंबरच्या अखेरीस पालिकेची पथके वॉर्डावॉर्डांत फिरू लागली. देवनागरी अक्षर इतर लिपीपेक्षा लहान तर नाही ना, हे पाहिले गेले. मराठीत चार कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाला याचा आनंद न वाटता तरच नवल. पण पाटीखाली उभी राहिलेली ती माणसे दोन पावले आत गेली असती, आणि मान वर करून माळ्याकडे पाहिले असते, तर त्याच खेपेत आणखी एक काम झाले असते.

आणि सगळे पालिकेवर तरी का ढकलावे? आपल्यातल्या कितीतरी जणांच्या इमारतीच्या तळमजल्यावर असे गाळे आहेत. त्यांच्याकडून सोसायटीला दरमहा देखभाल खर्च येतो. आमच्या सोसायटीच्या गेल्या सभेत गाळ्यांचा विषय निघाला आणि पाऊण तास चालला. सारी चर्चा गिऱ्हाइकांच्या स्कूटर कुठे लावायच्या यावर. रात्री शटर खाली गेल्यावर आत किती जण झोपतात, असे मी विचारले. सेक्रेटरींनी वहीत ते लिहून घेतले आणि विषय पुढच्या सभेवर गेला.